माळरान परत आणलं. पुढची दहा वर्षं ते सांभाळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात 40 हेक्टर गायरानावर गवताळ माळ परत उभा करायचं काम दोन पावसाळे झाले सुरू आहे. चराईला आळा घातलाय, वेडी बाभूळ काढलीय, गवताचे ठोंब लावलेत, बी टाकलंय. निधी एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीतून आलेला, तीन वर्षांचा. आता कंपनीला ‘दहा वर्षांची निरीक्षण व देखभाल योजना’ हवी आहे. एका सल्लागाराने 43 निर्देशकांचा तक्ता दिलाय. तो कोण भरणार हे कुणालाच माहीत नाही, आणि तुम्ही विचारताय की यातलं नेमकं काय ठेवायचं.

मी गेली वीसेक वर्षं याच पट्ट्यात, साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड जमिनींवर हेच काम करतो आहे. आधी तो तक्ता बाजूला ठेवा. तो वाईट आहे म्हणून नाही. मातीतला कर्ब, कीटकांची विविधता, पाणी मुरण्याचा वेग हे सगळं मोजण्यासारखंच आहे. पण मी प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहितो: हा आकडा वर गेला किंवा खाली आला, तर पुढच्या हंगामात आपण काय वेगळं करणार? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो रकाना विद्यापीठातल्या कुणा संशोधकासाठी राखून ठेवा, स्वतःच्या गळ्यात बांधून घेऊ नका. तुमच्या 43 मधून माझ्या हिशोबाने सहा-सात उरतील. मी ज्या योजना कागदावर तीस निर्देशकांनी सुरू केल्या, त्या सगळ्या चौथ्या वर्षी शून्यावर आल्या. ज्या सहांवर सुरू केल्या त्यातल्या दोन अजून चालू आहेत.

दुसरी गोष्ट, ‘जगण्याची टक्केवारी’ डोक्यातून काढा. ती वृक्षलागवडीची मोजपट्टी. शंभर रोपं लावली, किती जगली, हा हिशोब माळरानाला लागू पडत नाही. पवना या गवताचा एक ठोंब जगला की मेला याने काही ठरत नाही. शेजारच्या उघड्या मुरमावर त्याचं बी रुजलं की नाही, हे बघायचं. आणि माळावर झाडांची संख्या वाढणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी नसते. निधी देणाऱ्याला हे पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तो विचारेल, ‘झाडं कुठायत?’

आता मोजायचं काय ते सांगतो.

कणा एकच ठेवा, फितीवरची टोचणी. 50 मीटरची फीत जमिनीवर ताणायची. दर अर्ध्या मीटरला एक बारीक सळई सरळ खाली सोडायची. म्हणजे एका फितीवर 100 टोचण्या. सळईच्या टोकाला वर काय लागलं आणि जमिनीवर काय लागलं, दोन्ही लिहायचं. वर: बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं गवत (पवना, मारवेल, डोंगरी), वर्षायू, म्हणजे एका हंगामात संपणारं गवत, इतर रोप, आक्रमक तण किंवा काहीच नाही. जमिनीवर: माती, मुरूम, दगड, वाळका पाचोळा, ठोंबाचं बूड. शंभर टोचण्या असल्यामुळे बेरीज हीच टक्केवारी. ज्या माणसाने आकडेमोड दहावीनंतर सोडली त्यालाही हे जमतं, आणि याचं खरं मोल तेच आहे. सरावलेल्या जोडीला एका फितीला तासभर पुरतो.

40 हेक्टरला बारा फिती पुरेत, पण त्या सोयीच्या जागी, म्हणजे गाडीरस्त्याच्या कडेने, टाकू नका. माथा, उतार आणि ओढ्याकडचा सखल भाग, तिन्हीत वाटा. त्याशिवाय सहा फिती कुंपणाबाहेर हव्यात, आणि त्याच लोक सगळ्यात आधी गाळतात. तीन शेजारच्या उघड्या चराऊ जमिनीवर, जिथे आपण काहीच केलेलं नाही. तीन जवळपासच्या एखाद्या जुन्या राखलेल्या कुरणात, जिथे गवत खरोखर चांगलं आहे. पहिल्या तिघींवरून कळतं की आपण काही केलं नसतं तर काय झालं असतं, दुसऱ्या तिघींवरून कळतं की जायचं कुठे आहे. 2018 च्या दुष्काळात माझ्या एका माळावर उघड्या जमिनीची टक्केवारी एका वर्षात एवढी वाढली की निधी देणाऱ्यांनी प्रकल्प फसला असं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. बाहेरच्या फितींवर ती त्याहून जास्त वाढली होती. तो एक कागद नसता तर तिथे आज काय असतं, मला सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला आणि सगळीकडेच हिरवंगार झालं. तेव्हा ते श्रेय आपलं नाही हेही त्याच फितींनी सांगितलं. गावात पर्जन्यमापक नसेल तर शाळेच्या आवारात एक बसवा. पावसाच्या आकड्याशिवाय गवताचा आकडा वाचता येत नाही.

मोजणी वर्षातून एकदाच करायची, सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गवत फुलोऱ्यात असताना आणि कापणीच्या आधी. जूनमध्ये सगळी गवतं सारखी दिसतात, डिसेंबरात सगळी सारखी वाळलेली.

इथे माझी एक मोठी चूक सांगतो. पहिल्या प्रकल्पात मी नोंदवहीत स्थानिक नावंच ठेवली होती, गावच्या पोरांना सोपं जावं म्हणून. तीन वर्षं ‘कुसळी’ या रकान्यात आकडे भरले गेले. चौथ्या वर्षी एका नवीन मुलीने विचारलं, ‘यातली कुठली कुसळी?’ तेव्हा लक्षात आलं की एका जोडीने हेटेरोपोगॉनला कुसळी लिहिलं होतं आणि दुसऱ्या जोडीने अरिस्टिडालाही (ही दोन वेगळ्या गवतांची शास्त्रीय नावं). दोन्हींची कुसळं धोतराला चिकटतात, त्यामुळे गावाच्या भाषेत दोन्ही कुसळीच. पण माळाच्या दृष्टीने दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अरिस्टिडा ही झिजलेल्या, अति चरलेल्या जमिनीवर पहिली येणारी. हेटेरोपोगॉन वाढायला लागलं म्हणजे माळ एक पायरी वर चढला. त्याच्या पुढची पायरी पवना-मारवेल-डोंगरीची, दख्खनच्या राखलेल्या माळांवर दिसते ती. म्हणजे मला जो बदल बघायचा होता, नेमका तोच त्या एका शब्दात गडप झाला होता. तीन वर्षांची मेहनत वाया गेली, आणि दोष कुणाचाच नाही, माझाच.

तेव्हापासून प्रत्येक गवताचा फुलोऱ्यासकट वाळवलेला नमुना जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, त्यावर गावाचं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही देवनागरीत लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवतो. मोजणीच्या पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांनी ते पुठ्ठे हाताळायचे. आणि दोन फिती दोन वेगवेगळ्या जोड्यांनी, एकमेकांना न विचारता, पुन्हा मोजायच्या. दोघांच्या आकड्यांत सात-आठ टोचण्यांहून जास्त फरक आला तर बसून भांडण मिटवायचं आणि मगच पुढे जायचं.

फिती दरवर्षी त्याच जागी पडायला हव्यात, आणि हे बोलायला सोपं आहे. लोखंडी खुंट्या ठोकल्या तर त्या पहिल्या दिवाळीपर्यंत भंगारवाल्याकडे जातात. सिमेंटचे खांब मेंढ्या अंग घासून पाडतात. मी आता दोन्ही टोकांना मोठा मुरूमदगड अर्धा पुरतो, त्याच्या वरच्या अंगाला पिवळा रंग लावतो आणि दगडाखाली वीतभर लांबीचा जाड खिळा आडवा पुरून ठेवतो. रंग उडाला, दगड कुणी चुलीला नेला, तरी खिळा चुंबकाने सापडतो. मोबाईलच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका. तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि माळावर चार मीटरमध्ये सगळं बदलतं. फीत जागेवर पडली का, याची एक फुकटची परीक्षा आहे: ‘दगड’ या रकान्याची टक्केवारी. गवत बदलेल, माती बदलेल, जमिनीतला कातळ दर वर्षी हलत नाही. मागच्या वर्षी 14 आणि या वर्षी 31 आला तर फीत चुकली आहे, पुन्हा टाका.

फोटो हे दुसरं साधन. आठ ठिकाणं ठरवा, प्रत्येक ठिकाणी एकच दिशा. छातीच्या उंचीची काठी करून घ्या आणि मोबाईल त्या काठीवर टेकवूनच फोटो काढा. क्षितिज फोटोच्या वरच्या तिसऱ्या भागात येऊ द्या, आणि चौकटीत एखादी न हलणारी खूण हवी, टेकडीचं टोक, देवळाचा कळस. मागच्या वर्षीचा छापील फोटो हातात धरून जुळवायचा. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये. मेमधला फोटो कुणाला दाखवायला आवडत नाही, कारण त्यात सगळं भुंडं दिसतं. पण जमीन कुठे उघडी पडलीय, पाण्याने घळ कुठे पडायला लागलीय, हे फक्त मेमध्येच दिसतं.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल तुम्ही खास विचारलंय. सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांची चित्रं 2015 पासून फुकट मिळतात, दहा मीटरचा ठोकळा (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा), दर पाचेक दिवसांनी. वापरा जरूर. पण एक सापळा सांगतो. अहवालात ‘हिरवळीचा निर्देशांक वाढला’ असं लिहिलं की सगळे खूश होतात. माळरान उन्हाळ्यात हिरवं नसतंच, ते सोनेरी असतं आणि मग मातकट होतं. एप्रिलमध्ये तुमच्या माळावर हिरवे ठिपके वाढत असतील तर ती बहुधा वेडी बाभूळ आहे, जी भर उन्हातही हिरवी राहते. मी म्हणूनच उलटा उपयोग करतो: दर एप्रिलचं चित्र काढायचं, नवीन हिरवे ठिपके नकाशावर खुणावायचे आणि कुदळ घेऊन तिथे जायचं.

प्राण्या-पक्ष्यांत फार खोलात जाऊ नका, पण अगदीच सोडूही नका. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, सकाळी सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, ठरलेल्या सहा जागी दहा-दहा मिनिटं उभं राहून दिसेल-ऐकू येईल ते लिहायचं. यादीच्या लांबीला महत्त्व नाही. कोण आलं आणि कोण गेलं ते बघा. धाविक, माळटिटवी, चंडोल, हिवाळ्यात भोवत्या, ही माळाची मंडळी. बुलबुल आणि सातभाई वाढायला लागले तर माळावर झुडपं चढताहेत असं समजा. मी एका माळावर ‘पक्ष्यांच्या प्रजाती 38 वरून 52 वर’ असं अभिमानाने लिहिलेलं पत्रक पाहिलंय. वाढलेल्या बहुतेक प्रजाती झुडपांतल्या होत्या, आणि धाविक यादीतून गायब. लांडगा, खोकड, तरस यांच्यासाठी पायवाटेवरचे ठसे आणि विष्ठा महिन्यातून एकदा राखणदाराने लिहिली तरी पुरे. चिंकारा असेल तर लेंड्यांचे ढीग.

मातीचा कर्ब पाच वर्षांतून एकदा. मुरमाड जमिनीत तो इतक्या सावकाश हलतो की दरवर्षी तपासणं म्हणजे प्रयोगशाळेचं बिल भरणं.

मोजणीबद्दल एवढं पुरे. खरी मेहनत देखभालीत आहे, आणि तीत मी सर्वात जास्त वेळ चराईवर देतो.

तुमच्या प्रश्नात ‘चराईबंदी’ असा शब्द आहे. दहा वर्षांच्या योजनेत तो शब्द मला नको वाटतो. आपल्या भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मेंढ्यांचा सगळा भार जून ते ऑक्टोबर या काळात येतो, नेमका तेव्हा जेव्हा गवताला फुटायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. उन्हाळ्यात वाळक्या माळावर मेंढ्या फिरल्या तर फारसं बिघडत नाही. म्हणून वर्षभर बंदीचा हट्ट धरून गावाशी वैर घेण्यापेक्षा पावसाळ्याचं वाटप करा. 40 हेक्टरचे चार गट पाडा. दरवर्षी एक गट पावसाळाभर खुला, तीन बंद. दिवाळीच्या सुमारास, बी गळून गेल्यावर, बंद असलेल्या तीनपैकी दोन गटांत गवत कापायचं. तिसऱ्यात उभं ठेवायचं. पुढच्या वर्षी पाळी फिरते.

यातून आपोआप तिन्ही प्रकारचा माळ तयार होतो. खुल्या गटात आखूड गवत, तिथे धाविक आणि टिटवी. कापलेल्या गटात मधलं. उभ्या गटात गुडघ्याच्या वर, तिथे हिवाळ्यात भोवत्या रात्री उतरतात. पाच-सहा वर्षं सगळाच माळ कडेकोट बंद ठेवलेला मी पाहिला आहे. जुन्या वाळक्या गवताचा थर साचतो, खालून नवीन फुटवा येत नाही, आखूड गवताचे पक्षी निघून जातात आणि एका बिडीच्या थोटकाने सगळं पेटतं. शिवाय लांडगा आपल्याकडे मेंढरांच्या मागेच जगतो. धनगरांना हाकलून लांडगा वाचवता येईल असं मला वाटत नाही.

ही पाळी कुणाशी ठरवायची? ग्रामसभेचा ठराव हवाच, पण ठराव करणारे आणि मेंढ्या चारणारे बहुतेक वेळा वेगळे लोक असतात. माझ्या एका गावात ठराव एकमताने झाला आणि आठ दिवसांत मोडला, कारण ज्या चार वाड्यांच्या मेंढ्या तिथे चरायच्या त्यांतलं कुणीच सभेला नव्हतं. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी चहा-साखर घेऊन त्यांच्या वाड्यावर गेलो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आबांनी नकाशा हातात घेतलाही नाही. काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, ‘हा वढा ते ती बाभळ, ह्यो तुमचा. वरचा आमचा. पुढल्या साली उलट.’ माझ्या नकाशातली गटांची हद्द सरळ रेषेत होती, त्यांची ओढ्याने आणि पायवाटेने जाणारी. मेंढ्यांना सरळ रेषा कळत नाहीत. आम्ही त्यांची हद्द घेतली आणि ती टिकली.

आता तण. इथे एक साधा नियम: आलेलं तण काढायला लागणारी मेहनत दर वर्षाच्या आळशीपणामागे कित्येक पट होते. म्हणून दोन फेऱ्या वर्षात पक्क्या. पहिली जुलैच्या शेवटी, गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटून. फुललेलं उपटलं तर निम्मं बी तुम्हीच पेरता, आणि ते बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. पुण्याच्या परिसरात हे तण 1950 च्या दशकाच्या मध्यापासून नोंदलेलं आहे, तेव्हा ते संपेल अशी आशा नको, माळाच्या आत शिरू द्यायचं नाही एवढंच. ते कडेने शिरतं: रस्ता, पाणवठा, आणि जिथे जेसीबी फिरला तिथे. माझ्या एका माळावर मधोमध, कुठलाच रस्ता नसताना, गाजर गवत आणि रानतुळशीची सरळ पट्टी उगवली. दोन वर्षांपूर्वी तिथून मशीन नेलं होतं, त्याच्या साखळीतल्या मातीतून बी आलं होतं. आता यंत्र आत येण्याआधी धुतलं जातं. बाहेरचा मुरूम माळावर आणायचाच नाही.

दुसरी फेरी नोव्हेंबरात, झुडपांची. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर एकाच्या जागी दहा फुटवे येतात. बुंध्याशी खणून, जमिनीखाली वीतभर तरी खोल जाऊन मूळ तोडावं लागतं. ओढ्याकाठी घाणेरी असेल तर दिल्लीचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या चमूने रुजवलेली पद्धत वापरा: जमिनीच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं टाकायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. खरं काम त्यानंतर असतं. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली रोपांचा सडा पडतो. माळावरच्या प्रत्येक जुन्या बोरी-बाभळीखाली पुढची चार-पाच वर्षं दर नोव्हेंबरात डोकवायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून अंदाजपत्रकातून ते सर्वात आधी कापलं जातं.

जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, जानेवारीअखेर पूर्ण हव्यात. वनखात्याचा वणवा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, आपण त्याच्या आधी मोकळं व्हायचं. सगळ्या माळाभोवती करण्याइतकी माणसं नसतील तर निदान रस्त्याकडची बाजू आणि उभ्या गवताच्या गटाभोवती सहा मीटरची पट्टी कापून घ्या.

आणखी एक देखभाल आहे जी कुठल्याच तक्त्यात नसते. दर जुलैत कुणीतरी ट्रॅक्टरभर रोपं घेऊन ‘मोकळ्या’ माळावर लागवड करायला येतं. हेतू चांगला असतो, बरोबर फलक आणि फोटोग्राफर असतो, आणि गिरिपुष्प किंवा सुबाभळीची रोपं असतात. पाठोपाठ चर खणणारं मशीन. पातळ मातीच्या माळावर उभ्या गवतातून खणलेला चर म्हणजे चांगलं कातडं सोलून मलम लावणं. मे महिन्यातच तालुक्याच्या वनाधिकाऱ्यांना, कृषी कार्यालयाला आणि गावातल्या तरुण मंडळांना लेखी कळवा की ही जागा गवताची आहे, आणि लागवडीसाठी शाळेमागची किंवा ओढ्याच्या वरच्या अंगाची एक पर्यायी जागा दाखवून ठेवा. नुसतं ‘नको’ म्हटलं तर ऐकत नाहीत. तसंच, गायरानं सध्या सौर प्रकल्पांसाठीही मागितली जातात. तुमच्या जागेचा वापर ग्रामसभेच्या ठरावात आणि गावच्या जैवविविधता नोंदवहीत स्पष्ट लिहिलेला असू द्या. कागद असल्याने जागा वाचेलच असं नाही, पण नसेल तर बोलायलाही जागा राहत नाही.

मोजणी आणि देखभाल यांना जोडणारा धागा म्हणजे आधी लिहून ठेवलेले निर्णय. हे मी आग्रहाने करायला लावतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अशी वाक्यं असतात: ‘सरासरीइतका पाऊस होऊनही एखाद्या गटात उघडी जमीन सलग दोन वर्षं कमी झाली नाही, तर पुढच्या जूनमध्ये तिथे ठोंब लावायचे आणि त्या गटाची चराईची पाळी एक वर्ष पुढे ढकलायची.’ ‘कुठल्याही फितीवर आक्रमक तणाच्या पाच टोचण्या आल्या, तर त्या भागात तिसरी फेरी.’ ‘धाविक सलग दोन फेब्रुवारीत दिसला नाही, तर खुला गट वाढवायचा विचार करायचा.’ हे आकडे माझ्या माळांवरचे आहेत, तुमचे तुम्ही ठरवा. पण आकडे येण्यापूर्वी ठरवा. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येक आकड्याला काहीतरी सबब सापडते.

पैशाचं. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या 2021 च्या नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. म्हणजे आजचे पैसे बँकेत ठेवून आठव्या वर्षी राखणदाराला पगार देऊ, हे होत नाही. दहा वर्षांची योजना मागणारा आणि तीन वर्षांचे पैसे देणारा एकच आहे, यावर हसून घ्या आणि कामाला लागा. उरलेल्या काळात दोन गोष्टी उभ्या करायच्या. एक, गवताचं उत्पन्न. कापलेल्या दोन गटांतलं गवत गावातल्याच गुरंवाल्यांना वाट्याने किंवा लिलावाने द्यायचं आणि पैसे ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात जमा करायचे. दुष्काळी साली याची किंमत गावाला बरोबर कळते. पवना-मारवेलचं बी गोळा करून विकताही येतं, इतर प्रकल्पवाले शोधत असतात. मात्र ताजं बी लगेच पेरायला देऊ नका. बऱ्याच गवतांच्या बियांना सुप्तावस्था असते, काही महिने कोरड्या जागी ठेवलेलं बी जास्त चांगलं उगवतं. दोन, खर्च इतका कमी करायचा की तो त्या उत्पन्नात भागेल. मोजणीला तीन-चार माणसांचे चारेक दिवस, तणाच्या दोन फेऱ्या, जाळरेषा आणि राखणदार. सर्वात मोठा खर्च राखणदाराचाच, तो वर्षभर न ठेवता जून ते नोव्हेंबर ठेवला तरी बऱ्यापैकी चालतं.

मोजणारी माणसं बाहेरची नकोत. पदव्युत्तरची मुलं उत्साहाने येतात, सुंदर काम करतात आणि दोन वर्षांनी नोकरीला लागतात. त्यांना शिकवायला ठेवा, भरवसा गावातल्या तिघांवर ठेवा. त्यात एक तरी बाई असू द्या. गवत कापायला, सरपणाला बायकाच माळावर जातात, काय बदललं ते त्यांना आपल्या आधी दिसतं. नोंद आधी कागदी वहीत, पेन्सिलीने, कारण पावसात शाई पसरते. मग त्याच संध्याकाळी पानांचे फोटो काढून तीन जणांच्या मोबाईलवर आणि एका ईमेलवर. ॲप वापरायचं असेल तर वापरा, पण वही सोडू नका. माझ्याकडे 2011 ची वही आहे, त्याच वर्षीच्या माहितीची सीडी आता कुठल्याच संगणकात चालत नाही.

तुमच्याकडे सध्या मूळ नोंद, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीची मोजणी, नाही असं दिसतंय. ती संधी गेली. पण कुंपणाबाहेरच्या तीन फिती त्या नोंदीची बरीच उणीव भरून काढतील, आणि कुणाच्या तरी मोबाईलमध्ये भूमिपूजनाचे फोटो असतीलच. त्यांच्या पाठीमागे माळ दिसतो. ते आजच मागवून घ्या आणि त्यातल्या दोन-तीन जागा फोटोच्या ठरलेल्या ठिकाणांत धरा.

या ऑक्टोबरात बारा अधिक सहा फिती टाकायच्या असतील तर दगड आणि खिळे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुरून घ्या, नंतर गवतात जागा सापडत नाही. आणि फीत विकत घेताना दोन घ्या, कापडी नको, फायबरची. एक पहिल्याच दिवशी मेंढीच्या पायात अडकते.